काला अंब, किचेन आणि कानस

14 जानेवारीला काला अंबच्या बाहेर लागलेल्या गाड्यांचे नंबर वाचत गेलात तर अर्धा महाराष्ट्र भेटतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे. दीड हजार किलोमीटर गाडी हाकत माणसं येतात, स्तंभापुढे डोकं टेकतात, चिमूटभर माती रुमालात बांधतात. त्यांच्या हातातल्या गाडीच्या किल्ल्या बघा. किल्लीला भवानी तलवार असते, राजमुद्रा असते, ढाल असते, वाघनख असतं. सोन्यासारखा मुलामा दिलेलं, साच्यात ओतलेलं किचेन. वर्षभरात मुलामा उडतो आणि आतला राखाडी धातू दिसायला लागतो. मग नवीन घ्यायचं.

त्या किचेनबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्याला अभिमान आहे त्याने तो किल्लीला बांधला तर बिघडलं कुठे? माझा प्रश्न वेगळा आहे. ही तलवार मिरवणाऱ्या आपल्या घरातल्या किती पोरांना तेवढीच, दोन इंच लांबीची पितळेची पट्टी सरळ कापता येईल? कानस मारून तिच्या कडा काटकोनात आणता येतील? भोक मधोमध पाडता येईल?

मी ईएमईचा माणूस. सध्या पोस्टिंग दिल्लीला आहे. इथून पानिपत जेमतेम नव्वद किलोमीटर, त्यामुळे गावाकडचं कुणी आलं की काला अंबची फेरी ठरलेली. माझा ट्रेड फिटरचा. त्यामुळे कुठेही गेलो तरी नजर आधी लोखंडावर जाते. हा लेख त्या नजरेतून लिहिलेला आहे.

आधी एक खुलासा, कारण फौजी मित्र हमखास गोंधळतात. हिमाचलात नाहनच्या बाजूला काला अंब नावाचं औद्योगिक गाव आहे, ते वेगळं. आपलं काला अंब हरियाणात, पानिपत शहराबाहेर. इथे आंब्याचं झाड होतं आणि 14 जानेवारी 1761 च्या लढाईनंतर ते काळं पडलं अशी कथा सांगतात. आज तिथे विटांचा स्तंभ आहे, त्याच्याभोवती लोखंडी कुंपण आहे. झाड वाळलं तेव्हा पंडित सुगनचंद रईस यांनी त्याचं लाकूड विकत घेऊन दारांची एक जोडी करून घेतली आणि ती दारं आता पानिपतच्या संग्रहालयात आहेत. लाकूड विकत घेणाऱ्याचं नाव सगळीकडे सांगितलं जातं. दारं घडवणाऱ्या सुताराचं सांगितलं जात नाही. ही आपली जुनी सवय आहे आणि आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

पानिपत का हरलो यावर आपल्याकडे चहाच्या टपरीपासून विद्यापीठापर्यंत सगळे बोलतात. उपासमार झाली, रसद तुटली, बाजारबुणगे फार होते, उत्तरेत मित्र उरले नव्हते. हे सगळं खरं आहे. धातूचं काम येत नव्हतं म्हणून हरलो असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. इब्राहिमखान गारदीच्या तोफखान्याने त्या दिवशी रोहिल्यांची फळी फोडली होती. पण शिकण्यासारखी एक गोष्ट या तोफांमध्ये आहे. आपल्या तोफा जड होत्या, एकदा मांडल्या की हलवणं अवघड. अब्दालीकडे उंटांच्या पाठीवर बसवलेल्या लहान तोफा होत्या, हव्या तिथे नेता येणाऱ्या. लढाईत तोफ किती मोठी यापेक्षा ती कामाला साजेशी घडवली आहे का, हे महत्त्वाचं ठरतं. आणि हा निर्णय दरबारात होत नाही, जिथे धातू वितळतो तिथे होतो.

महादजी शिंद्यांना हे उमगलं असावं. पानिपतावरून ते पायाने अधू होऊन परतले, राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचवलं. पुढे त्यांनी दि बॉयनला नेमून कवायती पलटणी उभ्या केल्या आणि आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना काढला. तो सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस चालवत होता. त्या परंपरेतल्या तोफांनी 23 सप्टेंबर 1803 ला असईच्या मैदानात वेलस्लीच्या सैन्याचं काय केलं, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. आपले गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तिथेच पडले. पण त्या युद्धाच्या तोंडावर नोकरीतले बरेचसे युरोपियन अधिकारी मात्र शिंद्यांना सोडून गेले होते. विद्या भाड्याने घेतली की भाडेकरू जाताना ती बरोबर घेऊन जातो. गावातल्या पोरांच्या हातात उतरलेली विद्या कुठे जात नाही.

म्हणून मी म्हणतो, तलवारीचं किचेन मिरवा, पण शाळेत एक किचेन बनवायलाही शिका.

हसू नका. किचेन हा फिटरच्या कामाचा पहिला धडा व्हायला अगदी योग्य आहे. का ते सांगतो.

समजा, पितळेची 3 मिलिमीटर जाड, 25 मिलिमीटर रुंद पट्टी घेतली आणि 60 मिलिमीटर लांबीचा तुकडा करायचा ठरवला. त्याचं वजन भरतं साधारण 38 ग्रॅम. ॲल्युमिनियमची घेतली तर 12 ग्रॅम. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गाला पितळ लागेल दीड किलोच्या आसपास. पहिलं काम आखणी. पट्टीला खडू नाहीतर मार्कर फासायचा, गुण्या लावायचा आणि टोकदार सळईने रेघ ओढायची. इथेच मुलाला कळतं की पेन्सिलच्या रेघेलाही जाडी असते आणि रेघेच्या अलीकडे कापायचं की पलीकडे, हे आधी ठरवावं लागतं. मग पट्टी बेंच वाइसमध्ये धरायची आणि रेघेबाहेर मिलिमीटरभर जागा सोडून हॅक्सॉने कापायचं. करवत पुढे जाताना कापते, मागे येताना नाही. म्हणून दाब पुढे जातानाच द्यायचा. हे शंभर वेळा सांगून कळत नाही, दहा वेळा करवत फिरवली की खांद्याला कळतं.

मग कानस. आधी खरबरीत, मग मधली, मग बारीक. कानस दोन्ही हातांनी धरायची, आणि ती पुढे सरकते तसा पुढच्या हाताचा दाब कमी करत मागच्या हाताचा वाढवत न्यायचा. नाहीतर कड मधोमध फुगते आणि दोन्ही टोकांना उतरते. नवशिक्याची कड नेहमी अशीच पाठीवर कुबड आल्यासारखी होते. मग गुण्या लावून पट्टी उजेडासमोर धरायची. पट्टी आणि गुण्या यांच्यामधून उजेड दिसला की काम बाकी आहे. मास्तर रागावले म्हणून बाकी नाही, मार्क कापले म्हणून नाही. उजेड दिसतोय म्हणून बाकी आहे. मुलगा ते स्वतः बघतो आणि स्वतःच पुन्हा कानस उचलतो.

आमच्याकडे गावात सुतार-गवंडी सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शाळेच्या वर्कशॉपमध्ये आम्ही मिलिमीटरवर आलो. पुढे फौजेत गेल्यावर मिलिमीटरचेही शंभर भाग करणारं मायक्रोमीटर हातात आलं. इंजिनाच्या कामात तेवढ्याशा फरकाने सगळं बदलतं. पण सवय लागते ती त्या पहिल्या पट्टीवर. ‘चालतंय की’ म्हणायचं नाही, मोजून बघायचं. ही सवय विशीत लावायला गेलं तर फार कष्ट पडतात. बाराव्या-तेराव्या वर्षी ती खेळता खेळता लागते.

मग भोक. कडेपासून पुरेसं अंतर सोडून पंचाने खूण ठोकायची, म्हणजे ड्रिल घसरत नाही. पितळ ड्रिलला पकडून घेतं आणि तुकडा गरकन फिरतो, म्हणून तो कधीही हातात धरायचा नाही, वाइसमध्ये किंवा क्लॅम्पमध्येच. भोकाच्या कडेला आलेली बर काढायची. मग अक्षरांचे पंच घ्यायचे आणि नाव ठोकायचं. एकेक अक्षर, एकाच रेषेत, एकाच दणक्यात. दुसरा दणका दिला की अक्षर दुहेरी उमटतं. शेवटी पॉलिश पेपर आणि ब्रासो. ब्रासो कसा मारायचा हे फौजीला शिकवावं लागत नाही. बिल्ले आणि बकल घासण्यात आपली उमेदीची वर्षं गेली आहेत.

पाच-सहा तासांचं काम. एवढ्यात मुलाने भूमिती वापरली, धातूचा कठीणपणा हाताने जोखला, घर्षणाने पट्टी तापते हे बोटाला लागून शिकला आणि स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने धातूवर ठोकलं.

या शेवटच्या गोष्टीवर मला थांबायचं आहे.

पानिपतची बातमी दक्षिणेत पोचली ती सावकाराच्या सांकेतिक चिठ्ठीतून, हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलं आहे. त्या चिठ्ठीत मेलेल्या माणसांचा हिशोब दागिन्या-नाण्यांत मांडला होता. विश्वासराव आणि भाऊसाहेब ही मोती. मोठे सरदार सोन्याच्या मोहरा. बाकीचं सैन्य म्हणजे रुपये आणि खुर्दा, ज्याची मोजदाद नाही. मोत्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, मोहरांतली बरीच माहीत आहेत. काला अंबच्या मातीत जो पडला आहे तो बहुतेक खुर्दाच आहे. त्यात शिपाई होते, तसे लोहार होते, सुतार होते, घोड्यांना नाल मारणारे होते, तोफेचे गाडे दुरुस्त करणारे होते. सैन्य चालायचं ते त्यांच्यावर. आजच्या भाषेत सांगायचं तर ती त्या काळची ईएमई होती.

आज प्रत्येक जवानाच्या गळ्यात ओळखीच्या दोन चकत्या असतात. एक लंबगोल, एक गोल. त्यावर नंबर, नाव आणि रक्तगट ठोकलेला असतो. दोन का असतात हे प्रत्येक फौजीला माहीत आहे, ते इथे लिहीत नाही. जनरल असो की शिपाई, चकती दोघांचीही असते. पानिपतापासून आपण कुठवर आलो हे मला कुणी विचारलं तर मी त्या चकतीकडे बोट दाखवीन. धातूवर ठोकलेलं नाव ही साधी गोष्ट नाही. ज्याचं नाव ठोकलेलं आहे तो खुर्दा राहत नाही.

शाळेतलं पोर पंचाने आपलं नाव ठोकतं तेव्हा त्याच्या मनात हे काही नसतं. पण त्याला एक गोष्ट कळते. ही वस्तू मी केली आहे, आणि हे नाव माझं आहे. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या वस्तू दुसऱ्यांसाठी घडल्या आणि नाव मालकाचं लागलं, त्या घरांतल्या पोरांना ही गोष्ट कळणं गरजेचं आहे. आणि ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या हाताला काळं लागलं नाही, त्या घरांतल्या पोरांना तर ती त्याहून जास्त गरजेची आहे. एकाच वाइसवर दोघं पाळीपाळीने काम करतात तेव्हा लोहाराचं कोण आणि देशमुखाचं कोण हे कानशीला कळत नाही. पलटणीच्या लंगरात जी गोष्ट आपल्याला अठराव्या वर्षी मिळते, ती शाळेच्या वर्कशॉपमध्ये बाराव्या वर्षी मिळू शकते.

आता कुणी म्हणेल, हे सगळं छान, पण शाळेत हे होतं कुठे? एके काळी होत होतं. मी सातारा जिल्ह्यातल्या ज्या शाळेत शिकलो तिला तांत्रिक विभाग होता. लांबलचक पत्र्याची शेड, लाकडी बाकं, बाकांना ठोकलेले वाइस. मागच्या सुट्टीत तिकडे गेलो तर शेडला कुलूप होतं. खिडकीतून बघितलं, आत मोडके बेंच आणि निवडणुकीचं सामान भरलेलं. वाइसचे जबडे गंजून एकमेकांना चिकटलेले. शिकवणारे मास्तर निवृत्त झाले, जागा भरली नाही. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हे एका शाळेचं दुखणं नाही. तुमच्या तालुक्याच्या शाळेत जाऊन बघा, असंच एखादं कुलूप सापडेल.

कागदावर मात्र आपल्याकडे कधीच कमी नव्हती. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला परिषद झाली, गांधीजींनी नई तालीम मांडली, शिक्षण हाताच्या उद्योगातून द्या म्हणाले. 1964 ते 66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सांगितला. तो आमच्या पिढीच्या वाट्याला आला तो कागदी फुलं आणि भेटकार्डांच्या रूपात, आणि बऱ्याचदा तीही मुलांच्या आयांनी रात्री बसून केलेली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितलं की सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना असावेत, आणि त्या दिवसांत त्यांनी सुतार, माळी, कुंभार यांच्यासारख्या स्थानिक कारागिरांकडे शिकावं. त्याच धोरणात एक तुलना दिली आहे. 19 ते 24 वयोगटातल्या कामकऱ्यांपैकी व्यवसाय शिक्षण रीतसर घेतलेले भारतात 5 टक्क्यांहूनही कमी, जर्मनीत 75 टक्के, दक्षिण कोरियात 96 टक्के. आकडे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळातले आहेत, पण दरी किती रुंद आहे ते त्यावरून कळतं.

बाहेरच्या देशांनी काय केलं? फिनलंडने 1866 मध्येच हस्तव्यवसाय शाळेत सक्तीचा केला. स्वीडनमध्ये ऑटो सालोमोन यांनी शिक्षकांना हेच शिकवण्यासाठी शाळा काढली आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारी वस्तूंची मालिकाच ठरवून दिली. अट एकच, वस्तू घरात वापरता आली पाहिजे. त्या मालिकेच्या सुरुवातीच्या वस्तूंमध्ये किल्लीला बांधायची लाकडी पट्टी होती. म्हणजे आपलं किचेनच. दीडशे वर्षांपूर्वीच्या मास्तरांनाही तेच सुचलं होतं. लहान, स्वस्त, उपयोगाचं, आणि चुकलं तर लगेच दिसणारं.

आणि फार लांब कशाला जायचं? पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, मोठ्या कंपनीत संशोधन करणारा हा माणूस नोकरी सोडून दुष्काळी गावात आला आणि म्हणाला की मुलं काम करता करता शिकतात. तिथून ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय महाराष्ट्रातल्या शाळांत गेला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य असे चार भाग, आणि मुलं-मुली सगळ्यांनी सगळं करायचं. पोरं वेल्डिंग करतात, गावाला लागणाऱ्या वस्तू बनवून देतात. 2002 मध्ये याच पाबळला अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब उभी राहिली. म्हणजे मार्ग आपल्याच जिल्ह्यात सापडलेला आहे. तो सगळीकडे पोचवायचं काम उरलं आहे.

त्याच्याही आधी, 1910 मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना उभा केला तेव्हा आसपासच्या खेड्यांतलीच माणसं तिथे नांगर घडवायला शिकली. लोखंड आपल्या माणसाच्या हाताला परकं नाही. मधल्या काळात आपण ते परकं करून ठेवलं.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. तिन्ही मी गावच्या पारावर ऐकले आहेत.

पहिला, ‘पोराला शाळेत पाठवलं ते हातोडी मारायला का?’ बापाचं चुकत नाही. त्याने आयुष्यभर हातोडी मारली आणि पोराने ती मारू नये म्हणून फी भरली. त्याला मी एवढंच सांगतो की दादा, पोराला लोहार करायचा नाही. डॉक्टर झाला तरी त्याला हाताने काम करायचं आहे, इंजिनिअर झाला तर चित्रातली रेघ कापताना काय होते हे त्याला माहीत असायला हवं. ट्रेनिंगला आलेली पोरं मी बघतो. कागदावर छान मार्क असतात, आणि कानस उलटी धरतात. त्यांचा दोष नाही. कुणी त्यांच्या हातात ती कधी दिलीच नाही.

दुसरा आक्षेप, ‘पोरं हात कापून घेतील.’ रास्त काळजी आहे, पण तिला उत्तर आहे. मुठीशिवाय कानस वापरायची नाही, तिचं शेपूट तळहातात घुसतं. ड्रिलवर चष्मा घालायचा, हातमोजे मात्र घालायचे नाहीत, ते फिरत्या ड्रिलमध्ये ओढले जातात. केस बांधायचे, ओढणी खोचायची, बाह्या दुमडायच्या. कीस फुंकायचा नाही, ब्रशने झाडायचा. एका वेळी मशिनवर एकच मूल आणि शेजारी उस्ताद. ही शिस्त फौजेत रोज पाळली जाते. शाळेतही पाळता येते. स्वयंपाकघरात विळीवर भाजी चिरणारी आपली मुलगी कानस सांभाळू शकत नाही, असं कुणी म्हणू नये.

तिसरा आक्षेप पैशांचा. मी साधा हिशोब मांडतो. चाळीस मुलांचा वर्ग, प्रत्येकाला सहा तास वाइसवर उभं राहायचं, म्हणजे 240 तास. दप्तराविना दहा दिवस, रोजचे चार तास, म्हणजे एका वाइसला 40 तास मिळतात. सहा वाइस असले की 240 तास पुरे झाले. सहा वाइस, डझनभर कानशी, चार-पाच हॅक्सॉ, दोन गुण्ये, पंचांचा एक संच आणि एक ड्रिल मशिन. एकदा घेतलं की पुढच्या दहा वर्षांच्या पोरांना पुरेल, कारण झिजतात त्या फक्त कानशी आणि पाती. कित्येक शाळांत तर हे सामान कुलपाआड पडूनच आहे. त्याला रॉकेल, तेल आणि दोन दिवस घासणारा माणूस हवा.

तो माणूस कुठून आणायचा? माझ्या माजी सैनिक बंधूंनो, इथे तुमचं काम आहे.

आपला जवान चाळिशीच्या आसपास पेन्शनवर घरी येतो. ईएमई, सॅपर्स, सिग्नल्स, ऑर्डनन्स, नेव्हीच्या इंजिनरूममधले, एअर फोर्सचे टेक्निशियन. फिटर, टर्नर, वेल्डर, आर्मरर, मेकॅनिक. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, बुलढाणा, कोणताही जिल्हा घ्या, गावागावांत अशी माणसं आहेत. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर घराघरात आहेत. सरकारने लाखो रुपये खर्चून त्यांचे हात तयार केले आणि आज त्यातले बरेचसे हात एटीएमच्या दारात दंडुका धरून बसले आहेत. सिक्युरिटीच्या नोकरीत कमीपणा नाही, ती इमानाची भाकरी आहे. पण हजारभर इंजिनं उघडून बसवलेला माणूस दिवसभर गेट उघडतो आणि लावतो, हे मला बघवत नाही. आणि तिकडे शाळा म्हणते, वर्कशॉपला मास्तर मिळत नाही.

शिक्षण खात्याने यासाठी नवीन पद काढायची वाट बघायला नको. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांनी ठराव करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची नोंद असते, मुख्याध्यापकांनी तिथे पत्र लिहून ट्रेडवाले मागवावेत. दहा दिवसांचं मानधन ग्रामपंचायत देऊ शकते, गावचं मंडळ देऊ शकतं. गणपतीतल्या एका दिवसाच्या डीजेच्या पैशात एका वर्गाचं पितळ येतं. आणि गावातला लोहार, गॅरेजवाला, वेल्डिंगवाला यांना पण बोलवा. त्यांना शाळेच्या फाटकातून आत घ्या, खुर्ची द्या, ‘सर’ म्हणा. पोरं ते बघतात आणि लक्षात ठेवतात.

आमच्या कोअरचं ब्रीद आहे ‘कर्म ही धर्म’. भिंतीवर रंगवायला छान आहे. खरं करायला मात्र पट्टी, कानस आणि समोर उभं असलेलं एक पोर लागतं.

पुढच्या संक्रांतीला वेळ आहे. ज्यांच्या हाताला ट्रेड आहे त्यांनी या महिन्यात आपल्या गावच्या शाळेत एकदा जावं. मुख्याध्यापकांना सांगावं, वर्कशॉपचं कुलूप काढा, मी बघतो काय चालतंय, काय नाही. रॉकेलची बाटली आणि जुनं फडकं घरूनच न्या. पहिल्या दिवशी वाइसचे जबडे सुटले तरी पुष्कळ झालं. पोरं दुसऱ्या दिवशी आपोआप जमतात. आणि जे कुणी हे सुरू करतील त्यांनी मला जरूर कळवा. सुट्टीत येईन तेव्हा अक्षरांचे पंच घेऊन येतो.

जय हिंद.